चखणा नव्हे, चाखणी : लाल एलच्या नोंदी

२० मे २०२५, मंगळवार

आज लाल एल या बिअरची पहिली टाकी, ‘क’, शिजवली. ५०० लिटर. १३० किलो धान्य, त्यात साडेपंधरा किलो क्रिस्टल माल्ट (मोड आणून भाजलेलं गोडसर जव), म्हणजे १२ टक्के. ब्रुअरदादाचं म्हणणं, लाल एलची लाली आणि गोडवा दोन्ही त्यातूनच येतं, तिथे हात आखडायचा नाही. माझं म्हणणं, आखडायचा. त्याच वादातून हे काम निघालं. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) तेच, यीस्ट तेच, पाणी तेच, फक्त माल्ट वेगळं अशा दोन टाक्या करायच्या आणि चाखणाऱ्यांचं पॅनेल म्हणेल ती कायमची टॅपवर. मालकांना जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल हवाय.

पाणी खडकवासल्याचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर शंभरच्या आतबाहेर. मऊ पाणी. गव्हाच्या बिअरला उत्तम, पण हॉप्सचा कडवटपणा त्यात जरा लोळतो, ताठ उभा राहत नाही. म्हणून जिप्सम घातलं. त्यातल्या सल्फेटने कडू चव कोरडी आणि नेमकी लागते. परवा टँकर मागवावा लागला होता, त्याचं पाणी मीटरवर पाचशेच्या वर गेलं. ते फरशा धुवायला वापरलं.

सुरुवातीची घनता १.०६०.

२१ मे

‘ख’ आजच उरकली, कारण उद्या गुरुवार, पाणी बंद. क्रिस्टल फक्त ५ टक्के. एक चतुर्थांश म्युनिक माल्ट, त्याने पावाच्या कडेसारखी चव येते. रंगासाठी दोन किलो काळं भाजलेलं जव. एवढंसं जव १३० किलोत पडलं की वर्ट (धान्याचा गोड काढा) तांब्याच्या रंगावरून लालीकडे सरकतो. जास्त पडलं तर भाजक्या चण्याचा वास येऊन सगळं बिघडतं. घनता इथेही १.०६०. कडवटपणाचं गणित दोन्हींत ५५ आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) आसपास.

गाळलेलं धान्य न्यायला गोठेवाले आले होते. म्हणाले, “कालचं जास्त गोड होतं, म्हशींनी चाटूनपुसून खाल्लं.” क्रिस्टलच्या बाजूने पहिलं मत पडलं म्हणायचं.

२६ मे

पाऊस मे महिन्यातच दाखल झाला. स्टोअरमध्ये उघड्या गोणीतला माल्ट चावून पाहिला तर कुरकुरीतपणा गेलेला. सगळ्या गोण्या फळीवर चढवल्या, तोंडं बांधली. काकांनी न सांगता खाली मीठ भरलेली परातही ठेवली. उपयोग किती होतो माहीत नाही, पण काढायला सांगितली नाही.

३० मे

घनता उतरत उतरत क १.०१७ वर थांबली, ख १.०१४ वर. दोन्हींची डायअ‍ॅसिटिल चाचणी घेतली (हे द्रव्य यीस्टच्या कामातून येतं, लोण्यासारखं लागतं): नमुना झाकून ६० अंशाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, मग गार करून हुंगायचा. लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम अजून बाकी आहे. आला नाही. रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहून सही केली. ही सही लक्षात ठेवावी, पुढे तिची लाज वाटणार आहे.

२ जून, सोमवार

दोन्ही टाक्यांत ड्राय हॉपिंग. प्रत्येकी तीन किलो: कॅस्केड, सेंटेनियल, सिमको. हॉप्स उकळीत घातले की त्यातल्या आल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि कडवटपणा येतो. गार बिअरमध्ये घातले की कडवटपणा फारसा वाढत नाही, सुगंधी तेलं उतरतात. कॅस्केड १९७२ सालचा, अमेरिकेतल्या हॉपी बिअरचा आजोबा. सिमको त्यामानाने परवाचा, २००० सालचा.

फ्रीझरमधून पाकिटं काढली. हॉप्सच्या गोळ्या अगदी जनावरांच्या कांडी पेंडेसारख्या दिसतात. तळहातावर चुरून सगळ्यांना हुंगायला दिल्या. काकांनी एकदाच नाक लावलं आणि हळूच म्हणाले, “ताई, हे गांजाचं नाही ना?” नाही, पण कूळ एकच. हॉप आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती, आणि मर्सीन नावाचं तेल दोघींत भरपूर. काकांना गांजाचा वास कसा माहीत, हे विचारायचं टाळलं.

सिमकोच्या पाकिटापाशी अकाउंट्सच्या ताई थबकल्या. “स्टोअरात मांजर शिरलं होतं का?” सगळे हसले. मी हसले नाही. काही हॉप्समध्ये एक गंधकयुक्त द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं, कुणाला त्यातून काळ्या मनुकेसारखं फळ जाणवतं, कुणाला मांजराचं मूत. परीक्षकांच्या भाषेत ‘कॅटी’ हा अधिकृत शब्द आहे. ताईंनी तो न वाचता सांगितला. नाव पॅनेलच्या यादीत घातलं.

५ जून

टाक्या गार करायला लावल्या. दुपारी वासाची शाळा भरवली.

अडचण अशी. गुणपत्रिकेवर छापलेले शब्द आहेत ग्रेपफ्रूट, पाइन, रेझिन, टॉफी, स्टोनफ्रूट. पॅनेलमधल्या नऊपैकी पाच जणांनी ग्रेपफ्रूट कधी हातात धरलेलं नाही. तरी मागच्या वेळी प्रत्येकाने ते लिहिलं होतं, कारण शेजाऱ्याने लिहिलं होतं. अशी गुणपत्रिका मला चहाच्या बशीखाली ठेवायलाही नको.

म्हणून घरचेच वास टेबलावर मांडले. चिक्कीचा पाक तीन पायऱ्यांवर: पिवळा, तांबूस, करपायच्या बेतातला. किचनमधल्या मामांनी समोर शेगडीवर करून दाखवला. क्रिस्टल माल्टची चव नेमकी या तीन पायऱ्यांत बसते. फिकं माल्ट पहिल्या पाकासारखं, गडद माल्ट तिसऱ्यासारखं. टॉफी म्हणून जे ओळखता येत नव्हतं ते ‘दुसरा पाक’ म्हटल्यावर सगळ्यांना एका फटक्यात कळलं. उकडलेलं कणीस, ओला पुठ्ठा, कापलेलं कच्चं सफरचंद हे दोषांचे वास, तेही झाकणाच्या वाट्यांत ठेवले.

ग्रेपफ्रूटला पपनस हवं होतं. ग्रेपफ्रूटचं एक पालक पपनसच, दुसरं संत्रं. पण पपनस येतं गणपतीत, जूनमध्ये मंडईत कुठून मिळणार? काका म्हणाले आणायची गरज नाही. “आमच्या परसात होतं. सोलताना डोळ्यांत उडतं ना ते, साल दुमडली की. आणि आतलं पांढरं खाल्लं तर जीभ बसते.” ते साल दुमडण्याची नक्कल करत होते आणि समोरचे चारजण खरोखर डोळे बारीक करून बघत होते. सालीतलं तेल म्हणजे हॉप्सचा सुगंध, पांढऱ्या गराची तुरट कडू चव म्हणजे हॉप्सचा शेवट. कोकणातलं कुणी असलं की निम्मं शिकवणं वाचतं.

पाइनपाशी मात्र अडलो. मी ‘धूप’ म्हटलं, मामा ‘फिनाइल’ म्हणाले. (चुकीचं नाही, पूर्वीच्या फिनाइलमध्ये पाइनचंच तेल असायचं.) ट्रे घेऊन उभा असलेला बारवरचा मुलगा मध्येच म्हणाला, “मॅडम, टिंबर मार्केटचा वास आहे हा. पॅकिंगची पाइनवूडची फळी रंध्याखाली गेली की पहिलं साल निघतं, त्याचा. सागाचा नाही. साग तेलकट येतो.” वडील सुतार, भवानी पेठेत लहानपण गेलेलं.

त्याला पॅनेलवर घेता येत नाही. वय २३. महाराष्ट्रात २१ वर्षांना चालते ती माइल्ड बिअर. आपली ही सहा टक्क्यांच्या घरातली, तिला पंचवीस पूर्ण लागतात. तो ओतणार, चाखणार नाही. पण हुंगायला कायद्याने बंदी नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

९ जून, सोमवार

लाज वाटायचा दिवस हा.

सकाळी दोन्ही टाक्यांतून पहिला गार नमुना काढला. ब्रुअरदादाने घोट घेऊन मान डोलावली. मीही. हॉप्स वर उसळलेले, खाली माल्ट, ठीक वाटलं. मुलगा ग्लास उचलून नेताना नाकाशी धरून थांबला. “यात श्रूजबेरी आहे का?”

मी परत हुंगलं. आणि एकदा कळल्यावर मग दुसरं काही कळेना. लोणी, साखर, बिस्किटाचा नवा डबा उघडल्यासारखं. ख मध्ये स्पष्ट. क मध्येही होतं, पण चिक्कीच्या पाकाखाली दडून बसलेलं, ‘काय छान टॉफी आलीये’ म्हणून आम्ही त्याचं कौतुकच करत होतो.

चूक कुठे झाली ते अर्ध्या तासात सापडलं, कारण ती माझीच होती. चाचणी घेतली ३० मे ला, हॉप्स घातले २ जूनला. हॉप्सच्या पाल्यात स्वतःची विकरं असतात, ती बिअरमधली न फुटलेली मोठी शर्करा फोडून लहान करतात, आणि थांबलेलं यीस्ट पुन्हा जेवायला बसतं. या दुसऱ्या पंगतीत पुन्हा डायअ‍ॅसिटिलचा कच्चा माल तयार होतो. आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही टाकी गार करून यीस्टला झोपवलं. ताटं उष्टी तशीच राहिली. यात नवीन काही नाही, ब्राऊन आणि मॉरिस या दोघा रसायनतज्ज्ञांनी इंग्लंडमध्ये १८९३ साली हे लिहून ठेवलंय. मीसुद्धा ते वाचलेलं आहे. चाचणी हॉप्सच्या आधी नव्हे, नंतर घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढंच मी केलं नव्हतं.

रजिस्टरमधल्या ‘ठीक’वर काट मारली, तारीख घातली, खाली सही केली. पान फाडलं नाही.

१० जून

दोन्ही टाक्या पुन्हा २० अंशांवर. तळातून कार्बन डायऑक्साइड सोडून बसलेलं यीस्ट ढवळलं. शेजारच्या पेल एलच्या टाकीतून उसळत असलेलं दहा-दहा लिटर काढून दोन्हींत घातलं, म्हणजे ताजी माणसं कामाला लावली. आता थांबायचं. मालकांचा फोन आला, “लाल कधी?” सांगितलं, आठवडा मागे गेलं. कारणही सांगितलं. ते दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, “त्या पोराचा पगार बघू.”

१६ जून

चाचणी साफ. यावेळी तीन नाकं लावली, तिसरं नाक त्याचं. क १.०१६, ख १.०१२. मद्यार्क अनुक्रमे ५.८ आणि ६.३ टक्के. परत गार.

१७ जून, मंगळवार

पहिली उघडी चाखणी. सकाळी अकरा वाजता, पोट ना भरलेलं ना रिकामं. नियम फळ्यावर लिहिले: अत्तर नाही, तंबाखू नाही, सकाळी मिसळ खाल्ली असेल त्याने घरी जावं. (एकजण खरंच गेला. त्याच्या जागी मामांचा मदतनीस बसला, वय तिशीच्या पुढे, आधार कार्ड बघून घेतलं.) मधे तोंड साफ करायला बिनमिठाचे चुरमुरे आणि साधं पाणी. बिअर आठ-दहा अंशांवर. चार अंशांवर दिली तर जीभ बधिर होते, आणि सगळ्याच बिअरी बऱ्या लागतात.

गुणपत्रिका ५० गुणांची. बीजेसीपी ही १९८५ पासूनची अमेरिकेतली परीक्षकांची संस्था, तिची पद्धत आम्ही वापरतो. वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण मत १०. आपली बिअर त्यांच्या ‘रेड आयपीए’ या खान्यात बसते: कडवटपणा ४० ते ७० आयबीयू, मद्यार्क साडेपाच ते साडेसात टक्के. आयरिश रेडशी नातं फक्त रंगाचं. तिथे हॉप्स मागच्या बाकावर बसतात, इथे पुढे. आणि अमेरिकन अंबर एलपेक्षा ही कडू आणि शेवटी कोरडी हवी. माल्ट दिसावं, पण हॉप्सच्या पायात येऊ नये.

काचेच्या ग्लासांत दोन्ही समोरासमोर ठेवल्या. क दिसायला देखणी, माणकासारखी, खिडकीकडे धरली की कडेला शेंदरी झाक. ख जरा तपकिरीकडे, पुसटशी गढूळ. क चा फेस साय धरल्यासारखा राहिला, ख चा पाच मिनिटांत विरला.

निकाल: नऊपैकी सहा जण क च्या बाजूने. कारणं वाचली. ‘गोड पिकलेलं फळ’, ‘लाल द्राक्षं’, ‘चेरी’, एकाने तर ‘डाळिंब’. यातलं एकही त्या पेल्यात नाही. चेरी लिहिणाऱ्याला विचारलं, कुठे लागली? तो ग्लासाकडे बघून म्हणाला, “दिसतेच आहे की.”

मालक मागे उभे होते. खूश. “बघ, लोकांना लालच हवंय.”

लोकांना लाल हवंय हे खरंच आहे, त्यात लोकांची चूक काही नाही. बोर्दोत वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनचवीचा लाल रंग मिसळून दिला होता, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ते संशोधन २००१ साली छापून आलं. तिथे शिकलेल्या नाकांचं हे झालं, तर आमच्या अकाउंट्सचं काय घेऊन बसलात. पण रूपाला ५० पैकी ३ गुण आहेत. तीनच. बाकीचे ४७ डोळ्यांनी खाऊन टाकलेत की काय, हे मला बघायचंय.

१८ जून

डोळे झाकायचे तर काळे ग्लास हवेत. मिळाले, पण एका ग्लासाच्या किमतीत इथे दुपारचं जेवण होतं. स्टीलचे फुलपात्र वापरून पाहिले. तोंड पसरट, वास वर राहतच नाही. रात्री घरी आईने देवाजवळचा गडू घासायला काढला आणि माझं डोकं चाललं. गडूचा आकार बघा: खाली पोट, वर आवळलेली मान. परदेशात ज्या ट्युलिप ग्लासचं एवढं कौतुक करतात तो याहून वेगळा कुठे आहे?

तांब्या-पितळेचा चालणार नाही, बिअर आंबट असते, धातू उतरतो. तुळशीबागेत गेले. स्टीलचे छोटे गडू, २७ नग. दुकानदार मोजता मोजता म्हणाले, “संक्रांतीचं वाण आत्तापासूनच?” मी म्हटलं, “हो, ऐनवेळी गर्दी होते.” त्यांनी दोन रुपये कमी केले. आईलाही हेच सांगितलंय. तसंही ती नातेवाइकांना मी ‘फूड लाइनमध्ये’ असल्याचं सांगते.

२० जून

पालख्या शहरात. रस्ते बंद, निम्मी मंडळी पोचलीच नाहीत. काका दर्शनाला. काम नाही.

२४ जून, मंगळवार

त्रिकोणी चाचणी. प्रत्येकासमोर तीन गडू, दोनांत एकच बिअर, एकात दुसरी. वेगळा कोणता तेवढं सांगायचं. गडूंच्या तळाशी तीन आकडी क्रमांक, मुलानेच टाकलेले, मलाही माहीत नाहीत. कुणाला क दोनदा, कुणाला ख दोनदा, मांडणी सहाही प्रकारे फिरवलेली. नुसत्या अंदाजाने तिघांत एकजण बरोबर येणारच, म्हणून नऊ जणांच्या पॅनेलमध्ये किमान सहा बरोबर आले तरच फरक खरा धरायचा.

पंधरा मिनिटं चुरमुऱ्यांचा आवाज सोडून काही नाही. गडूत नाक खुपसून बसलेली नऊ माणसं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर श्राद्धाचा काहीतरी विधी वाटला असता.

सात बरोबर.

म्हणजे फरक आहे. मग त्या सातांना विचारलं, त्यातली आवडली कोणती? सातपैकी पाच जण ख. यात ‘चेरी’वालाही आला. त्याच्या कागदावर आता लिहिलं होतं: “आधी पपनसाची साल. मग टोस्टची कड. शेवटी कडू पण स्वच्छ जातं, परत प्यावंसं वाटतं.” आणि क बद्दल: “गोड. दुसऱ्या घोटाला जड. कडू आणि गोड भांडतात.”

भांडतात, हाच शब्द मी गेले महिनाभर शोधत होते. गडद क्रिस्टलचा करपट गोडवा आणि सिमकोची राळ दोघेही जिभेच्या एकाच जागी येऊन बसतात, आणि शेवटी तोंडात खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी उरतं. ख मध्ये माल्ट आहे, पण साखरेचं नाही, भाजल्याचं. हॉप्स निघून गेल्यावर ते मागून येतं.

सात-नऊ जणांवरून जगाचा निवाडा होत नाही, हे मीच मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “मग काचेत दिली की लोक परत क म्हणतील.” बरोबर आहे. पण गिऱ्हाईक पहिला ग्लास डोळ्यांनी घेतं, दुसरा जिभेने. आम्हाला दुसरा विकायचाय. यावर ते काही बोलले नाहीत. विक्रीचं बोललं की त्यांना पटतं.

२७ जून

तीन दिवसांनी ऊन पडलं आणि त्याचाही फटका मीच खाल्ला. दोन पारदर्शक बाटल्यांत ख भरून एका ओळखीच्या परीक्षकांकडे न्यायची होती. बाटल्या खिडकीत ठेवल्या, गाडीची किल्ली शोधायला गेले. किल्ली पर्समध्येच होती. वीसेक मिनिटं गेली असतील.

झाकण उघडलं तर मामा किचनमधून ओरडले, “चिचुंद्री गेली का रे इथून?”

इंग्रजी पुस्तकांत या दोषाला ‘स्कंकी’ म्हणतात. आपल्याकडे स्कंक नाही, त्यामुळे दहा वर्षं मी तो शब्द नुसता पाठ करत होते. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात मोडतात, गंधकाशी जुळतात, आणि जे बनतं ते नाकाला अगदी कणभरही पुरतं. तपकिरी बाटल्या असतात त्या याचसाठी. बाकी तीन दोष आम्ही वाट्यांत मांडून शिकवले, हा मात्र मी स्वखर्चाने शिकवला. पॅनेलच्या शब्दयादीत टाकलं: चिचुंद्री.

१ जुलै, मंगळवार

शेवटची गुणांची चाखणी. आधी गडूत वास आणि चव, ते गुण कागदावर लिहून उलटे ठेवायचे. मगच काचेचा ग्लास आणायचा, रूपाचे ३ गुण द्यायला.

क: सरासरी ३१. वासात ८, चवीत ११. रूपात ३ पैकी ३, निर्विवाद.

ख: ३६. वासात १०, चवीत १४. रूपात दीड.

३६ म्हणजे ‘फार चांगली’ या पट्ट्यात वरच्या टोकाला. ३८ पासून पुढचा पट्टा लागतो. तो दोन गुणांचा खड्डा कुठे आहे ते कागदावर दिसतं: फेस टिकत नाही, आणि गिळल्यावर घशात बारीक खरखर राहते. ब्रुअरदादा म्हणतो काळं जव थोडं जास्त झालंय, दोन किलोचं दीड करू. फेसासाठी थोडा गव्हाचा माल्ट. रंग त्याने आणखी उतरेल. उतरू दे, म्हणाला. म्हणाला तो, मी नाही.

अकाउंट्सच्या ताईंचा शेरा दोन्ही कागदांवर एकच: “मांजर आहे. पण यावेळी लांब.”

२ जुलै

मालकांनी ख ला होकार दिला. फळ्यावर काय लिहायचं यावरून अर्धा तास. त्यांना ‘ग्रेपफ्रूट, पाइन, टॉफी’ हवं, मुंढव्याचं पब्लिक आहे म्हणाले. मला ‘पपनसाची साल, चिरलेलं पाइनवूड, टोस्टची कड’ हवं. तडजोड: टॉफी गेली, कारण ख मध्ये ती नाहीच. पपनस राहिलं. पाइन त्यांचं. मुलगा म्हणाला, ‘टिंबर मार्केट’ लिहा ना. मालक हसले. लिहिलं नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. ड्राय डे. टॅपच्या सगळ्या नळ्या उघडून कॉस्टिकने धुतल्या, कारण ख ज्या नळीवर चढणार तिच्यात आजवर गव्हाची बिअर होती आणि तिचा लवंगेचा वास रबरात मुरतो. दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा फक्त पाणी. हुंगायला अर्थात त्यालाच बोलावलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पंचवीसचा होतोय. तोवर ही रेसिपी बदलू नका म्हणतो.

पुढची खेप १५ तारखेला: काळं जव दीड किलो, गव्हाचा माल्ट ५ टक्के, डायअ‍ॅसिटिल चाचणी हॉप्सच्या नंतर. हे शेवटचं लाल पेनने.

गडू मोजून ठेवले. सव्वीस भरले. सत्ताविसावा काकांच्या टेबलावर मिळाला, अर्धा चहा शिल्लक.